कैफियतीचा रकाना

१

अन्नपूर्णेला वाटलं होतं, देवणघाटावर आपल्याला भांडावं लागेल. होडीवाले कागदाला भितील, गावचे मानकरी आडवे येतील, मोजायची फीत बघून कुणीतरी पाठ फिरवेल, आणि मग आपण वाळूत उभं राहून सगळ्यांना सांगू की कायदा म्हणजे गरिबाच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार. मुंबईहून सोलापूर, सोलापूरहून मोटारीनं अफजलपूर आणि तिथून बैलगाडीनं भीमेचा काठ, एवढ्या प्रवासात तिनं ही भाषणं मनात घोळून घोळून पक्की केली होती. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. होडीवाल्यांनी विचारलं ते सांगितलं, दाखवा म्हटलं ते दाखवलं, सांगितलं तिथं अंगठे उठवले. उलटा प्रश्न कुणी केला नाही. नेमकी गोष्ट आपल्याला कुणी विचारणारच नाही याची खात्री असली, की माणसं इतकी निमूट वागतात. पण हे तिला पहिल्या दिवशी कळलं नाही.

सन १९५३. निजामाचा अंमल जाऊन पाच वर्षं झाली होती. हैदराबाद राज्याच्या नव्या सरकारनं भीमेवरच्या होड्यांसाठी नियम करायला घेतले, तेव्हा गुलबर्ग्याच्या कचेरीला आठवण झाली ती देवणघाटाच्या घाटकारकुनाच्या या मुलीची. मुंबईत ती कायदा शिकली होती, आणि वर्षभर गोदीजवळच्या एका वकिलाच्या कचेरीत बसून खलाशांचे अर्ज लिहीत होती. जहाजांच्या कायद्यातल्या दोन गोष्टींवर तिचा फार जीव. एक, जहाजाचं नाव बदलता येतं, मालक बदलतो, पण मुख्य तुळईवर कोरलेला नोंदणीचा नंबर बदलत नाही. दुसरी, खलाशाच्या गुन्ह्याची नोंद केली, तर ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवली पाहिजे, आणि त्याचं म्हणणं खाली लिहून घेतलं पाहिजे. त्याशिवाय ती नोंद नोंदच नव्हे. जुन्या घाटनियमांतही असंच काही असल्याचं अप्पा सांगायचे. नव्या नियमांत तिनं या दोन्ही गोष्टी भांडून घालून घेतल्या होत्या.

आणि नोंदणीची सुरुवात तिनं मुद्दाम देवणघाटापासून केली. कारण हा तिच्या अप्पांचा घाट होता. भीमसेनराव, घाटकारकून. अठ्ठेचाळीस साली फौज यायच्या आधीच्या त्या वाईट महिन्यांत, ज्यांनी तीनशे माणसं चोरून पलीकडच्या मुंबई इलाख्यात पोचवली, ते. ही गोष्ट तिनं मुंबईच्या वसतिगृहात किती जणींना सांगितली असेल, मोजदाद नाही. आता शुक्रवारी कलेक्टर येणार होते. घाटावरच्या नव्या होडीची नोंद वहीत पहिली व्हायची होती, आणि होडीला नाव द्यायचं होतं ‘भीमसेन’. नोंदणी अधिकारी म्हणून खाली सही अन्नपूर्णेची.

२

या घाटावर पाण्यात असताना कुणाला नावानं हाक मारत नाहीत. नदीच्या कानावर माणसाचं नाव जाऊ द्यायचं नाही, असा रिवाज. मग खेप सुटण्याआधी हजेरी कशी घ्यायची? तर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, मागच्या टोकाला बसतो आणि बोटाच्या पेरानं फळीवर एकदा ठोकतो. मग एकेक होडीवाला आपापल्या जागेवरून तसंच ठोकतो. भीमसेनरावांचा गुडघा अलीकडं धरलेला, त्यामुळे ते चौकीच्या ओसरीवरून खाली उतरत नसत. तिथंच खुर्चीत बसून ते ठोके ऐकत आणि हजेरीवहीत आकडा टाकत. वीस वर्षं ते अशी कानानं हजेरी घेत आले होते.

अन्नपूर्णेच्या यादीत चार नावं होती. तांडेल गुंडप्पा आणि त्याच्या हाताखालचे तिघे.

सकाळी साडेदहाची खेप. होडीत एक कासार, दोन शेळ्या, माहेरी निघालेली एक लेकुरवाळी. गुंडप्पानं ठोकलं. मग उजव्या वल्ह्यावरच्यानं, डाव्या वल्ह्यावरच्यानं, बांबू धरून उभ्या असलेल्यानं. चार झाले. तिनं यादीवर चार खुणा केल्या आणि मान वर केली. होडी सुटली नव्हती. दोरी गुंडप्पाच्या हातात तशीच. लेकुरवाळीनंसुद्धा पोराच्या तोंडावर हळूच पदर धरला होता.

मग नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, पाचवा ठोका आला. तिथं कुणीही बसलेलं नव्हतं. आवाज जाड गोधडीआडून दार वाजवल्यासारखा, दबका, आणि अगदी बेताचा. गुंडप्पानं दोरी सोडली.

होडी परत आल्यावर तिनं त्याला गाठलं. पाचवा ठोका कुणाचा, म्हणून विचारलं.

“पाचच असतात की, अक्का.”

“यादीत चार आहेत.”

“यादी तुमची हाय,” गुंडप्पा म्हणाला, आणि उतरलेल्या शेळीच्या लेंड्या झाडायला लागला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तारीख विचारल्यावर तारीख सांगावी, तसं त्यानं सांगितलं.

तिनं ओसरीकडं पाहिलं. अप्पा खुर्चीत होते. वही मांडीवर मिटलेली होती, आणि उजव्या हाताची तर्जनी धोतरावर वरून खाली एक छोटी रेघ ओढत होती.

३

लाकूड फुगतं. ताणलेली दोरी सुटताना कुरकुरते. समोर पलीकडच्या काठाला खडक आहे, त्यावरून आवाज परतत असेल. ही तीन कारणं तिनं त्या दुपारी टिपणवहीत लिहिली आणि प्रत्येकापुढं ‘तपासावे’ असं लिहून खाली रेघ मारली. अशी सवय तिला वकिलांच्या कचेरीत लागली होती.

आवाज परतत असता तर चारदा परतला असता. दोरीचं म्हणावं, तर दोरी नंतर सुटत होती. बुधवारी डाव्या वल्ह्याचा माणूस तापानं पडला. उरलेल्या तिघांनी ठोकलं. थोडा वेळ गेला. मग नाळेकडून एक. ती धावतच ओसरीवर गेली आणि अप्पांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. हजेरीत आकडा होता चार.

“अप्पा, आज माणसं तीनच आहेत.”

“ऐकू चार आले,” अप्पा म्हणाले आणि शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घातली.

त्याच दुपारी, माणसं जेवायला गेल्यावर, ती वाळूवर ओढलेल्या होडीत उतरली. मुख्य तुळईवर नंबर कोरायचा, म्हणून डांबर खरवडून जागा करायची होती. ऊन डोळ्यांत खुपत होतं. जुनी होडी अठ्ठेचाळीस साली बंदूकवाल्यांच्या हुकमानं बुडवली, ती पुरात वाहून गेली, ही नवी अफजलपूरच्या सुतारांनी बांधली, असं अप्पांनी तिला सांगितलं होतं. नोंदणीच्या अर्जातही तेच लिहिलेलं. छिन्नीनं डांबराचे दोन थर निघाले, तिसरा निघाला, आणि खाली लाकडात खोल कोरलेले दोन उर्दू आकडे दिसले. एक आणि सात.

लाकूड नवं नव्हतं. कुठल्याशा वहीत सतरा नंबर लागलेली होडी होती ही.

ती गुडघ्यांवर बसून त्या आकड्यांकडं बघत होती. अप्पा चुकले असतील. वय झालं, कुणीतरी त्यांना जुनं लाकूड नवं म्हणून विकलं असेल. तिचं हे मनात पुरतं म्हणून व्हायच्या आत नाळेकडून ठोका आला.

होडी कोरड्या वाळूवर होती. दोरी सैल, वारा बंद. चहूकडं माणूस नव्हतं.

नाळेखाली दोरखंड ठेवायला एक कप्पा असतो आणि त्यावर फळीचं झाकण. प्रत्येक होडीत ते दोरखंड त्यात असतात. या होडीचे बाहेर, उन्हात वेटोळे पडलेले होते, हे तिनं तीन दिवस पाहिलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं. झाकणावर अकरा खिळे होते. चांगले बोटाएवढे, माथ्यावर डांबर. दोन आठवड्यांच्या पोराची कवटी चाचपावी इतक्या हळू तिनं तळवा त्या फळीवर टेकवला.

ठोका तळव्याखाली आला.

हात तिनं तव्यावरून काढावा तसा काढला. मग, न्यायानं वागायचं म्हणून, स्वतःला बजावलं की उन्हानं वाळणारं लाकूड तडकतं. टिपणवहीत हे चौथं कारण लिहिलं. त्याच्यापुढं ‘तपासावे’ लिहायला मात्र हात वळला नाही.

४

चौकीवर पाणी भरायला आणि झाडलोट करायला सोजराबाई येत असे. पाच वर्षं. अन्नपूर्णा सुट्टीत यायची तेव्हापासून ती तिला बघत होती. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असे, आणि गावातली कुठलीच बाई तिला हळदीकुंकवाला बोलवत नसे. तिचा नवरा ग्यानबा याच घाटावर होडीवाला होता. अठ्ठेचाळीस साली काम टाकून पळून गेला म्हणे. तेव्हापासून सोजराबाई ‘पळपुट्याची’. ना सवाष्णीत, ना विधवेत.

गुरुवारी सकाळी ती ओसरी सारवत होती. खाली साडेदहाची खेप सुटायची होती. चार ठोके झाले, आणि सोजराबाईचा शेणाचा हात जमिनीवर जागच्या जागी थांबला. पाचवा झाला, तसा हात पुन्हा फिरायला लागला.

अन्नपूर्णा तिच्याजवळ उकिडवी बसली. “तुम्हालाही ऐकू येतं?”

“कुणाला येत न्हाई?” सोजराबाई खाली बघूनच म्हणाली. “तो घरला आला की कडी वाजवायचा न्हाई. मधल्या बोटाच्या पेरानं एकदाच. त्येवढ्यावर मी उठायची.”

ग्यानबा परत आला तर हे कुंकू बघून त्याला बरं वाटेल, असलं काहीतरी अन्नपूर्णा बोलून गेली. तेव्हा सोजराबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

“त्याच्यासाठी न्हाई लावत, अक्का. वहीसाठी लावते. वहीत तो पळालाय. पळालेला माणूस जित्ता असतो, मग कुंकू कामून पुसायचं? तुमच्या अप्पांनीच लिवलंय. तहसीलला गेले, तितंबी हेच म्हनले, वहीत हाय ते खरं.” तिनं शेणाचा गोळा हातात दाबला. “तुम्ही तर म्हनं जहाजाचा कायदा शिकून आलाव. हितं जहाज न्हाई. एक होडी हाय. तिचं तरी वाचून दाखवा की मला. काय लिवलंय ते मला कुणी वाचून न्हाई दाखवलं.”

अन्नपूर्णेनं कबूल केलं. उद्या सही करायच्या आधी जुनी वही तुम्हाला वाचून दाखवते, म्हणाली. वचन देताना तिच्या मनात अजून अप्पांचीच बाजू होती. नोंद वाचली की सगळं स्वच्छ होईल, असं तिला खरंच वाटत होतं.

५

जेवण झाल्यावर अप्पा आतल्या खोलीत आडवे झाले. जुन्या वह्या चौकीच्या लाकडी पेटीत होत्या, नॅप्थालिनच्या गोळ्यांच्या वासात. अन्नपूर्णा सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. या अक्षरावरच तिनं अक्षर गिरवलं होतं, त्यामुळे वाचायला अडचण आली नाही. गोल, सावकाश, एका रेषेत चालणारं अप्पांचं अक्षर.

होडी नंबर सतरा. माणसं पाच. पाचवा, ग्यानबा.

आबान १३५७ फसली, म्हणजे अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर. त्या पानावर तीनच नोंदी होत्या.

पहिली: ग्यानबा, परवानगीशिवाय होडी पलीकडे नेली, बायकापोरांसह माणसं उतरवली, फेऱ्या एकोणीस. शिक्षा, नाळेखालच्या कप्प्यात एक रात्र बंद.

एकोणीस फेऱ्या. एका फेरीत सोळा माणसं बसतात. तिनं गुणाकार केला नाही. करायची गरजच नव्हती, तीनशे हा आकडा तिला लहानपणीच्या श्लोकासारखा पाठ होता. अप्पांची तीनशे माणसं. ती या माणसानं नेली होती, आणि अप्पांनी त्याबद्दल त्याला कोंडलं होतं.

दुसरी, दुसऱ्या दिवसाची: हुकमाप्रमाणे तळाला भोकं पाडून होडी बुडवली. हजर माणसं चार.

तिसरी त्याच दिवसाची: ग्यानबा, फरार.

त्यापुढं छापील रकाना होता, ‘नोंद वाचून दाखवली काय?’ आणि त्यात त्याच गोल अक्षरात, ‘होय’.

शेवटचा रकाना कैफियतीचा. माणसाचं म्हणणं. अन्नपूर्णेचा आवडता रकाना. ज्याच्यासाठी ती गुलबर्ग्यात तीन अधिकाऱ्यांशी भांडली होती, तो. त्यात अक्षर नव्हतं. बारीक उभ्या रेघा होत्या. आधी दाट, एकमेकींना खेटून, ओळीमागून ओळ. रकाना पुरला नाही म्हणून समासात गेलेल्या. मग विरळ. मग दोन रेघांत बोटभर जागा. सगळ्यात खाली, पानाच्या कोपऱ्यात, एकच.

ती साठपर्यंत मोजत गेली. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय मोजतोय, आणि वही मिटायचंही तिला सुचलं नाही.

६

दिवेलागणीला अप्पांनी कंदील पुसून लावला. वही समोर पाहून ते दचकले नाहीत. जुनी वही कशाला काढलीस, एवढंच म्हणाले. त्यांच्या खुंटीवर उद्यासाठी इस्त्री केलेला कोट टांगलेला होता.

तिनं बोट ठेवून विचारलं, “अप्पा, हे काय आहे?”

बराच वेळ ते कंदिलाची वात खालीवर करत राहिले. मग सांगू लागले, आणि आवाजात काही चढउतार नव्हता. आदल्या दिवशी वरून तक्रार आली होती, म्हणून शिस्त दाखवायला ग्यानबाला कोंडलं. रात्रभरच ठेवायचा होता. सकाळी सोडायच्या आधीच चार बंदूकवाले घाटावर उतरले. फौजेला होडी मिळू नये, आत्ताच्या आत्ता बुडवा, म्हणाले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, होडीवर माणसं किती.

“शिक्षेवरचा माणूस हजेरीत धरत नाहीत,” अप्पा म्हणाले. “सवयीनं चार म्हणून गेलो. एकदा चार म्हटल्यावर त्यांच्यासमोर पाच कसं म्हणायचं, अन्नू?”

“आत माणूस होता.”

“होडीवाले लाकडात भोकं पाडत होते. मी काठावर उभा होतो. यादीत पाच, काठावर चार. वहीचा मेळ बसवायला हवा होता. मी फरार लिहिलं. नोंद वाचून दाखवायचा नियम होता. मी वाचून दाखवली. हळू आवाजात, बंदूकवाल्यांना ऐकू जाणार नाही अशी. तेव्हा तो ठोकायला लागला.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“लिहून घेतलं,” अप्पा म्हणाले.

खोलीतली हवा तिला एकदम उग्र वाटली, नॅप्थालिनच्या वासासारखी. ज्या माणसानं तिला शिकवलं होतं की लिहिलेलं टिकतं, म्हणून खरं लिहावं, तो समोर बसला होता आणि त्यानं खरंच लिहिलं होतं. एकही ठोका गाळला नव्हता.

पुढचं तिनं विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं. फौज आल्यावर पलीकडून माणसं परत आली, त्यांनी हार घातला. मी नाही म्हणालो नाही. त्या कामावरच तुझी मुंबईची शिष्यवृत्ती मंजूर झाली, अर्जात तसं लिहावं लागलं. पाणी उतरल्यावर होडी वर काढली. कप्पा उघडला.

“रिकामा होता,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “आत कुणी नव्हतं. म्हणजे तो पळालाच होता बघ. नोंद खरी निघाली.”

“कप्प्याला बाहेरून लावलेली खुंटी तशीच होती?”

अप्पांची तर्जनी धोतरावर उतरली आणि एक रेघ ओढली. आणि त्यानंतर, रेघ पुरी झाल्यावर, खाली घाटावरून तो ठोका आला.

आवाजाच्या आधी बोट हललं होतं. हे तिनं अगदी स्पष्ट पाहिलं.

“उद्या सही करशील ना, अन्नू?” अप्पांनी विचारलं. लहानपणी शाळेत जाशील ना विचारायचे, त्याच सुरात.

७

शुक्रवारी सकाळी घाटावर आंब्याची तोरणं लागली. सतरंजी, तीन खुर्च्या, हळदीकुंकवाचं ताट. समारंभासाठी होडी पाण्यात ढकलून ठेवलेली. कलेक्टरांची जीप दहाला यायची होती. अप्पा कोट घालून ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते.

आठ वाजता अन्नपूर्णा जुनी आणि नवी अशा दोन्ही वह्या घेऊन खाली उतरली. मागं सोजराबाई. दोघी होडीत चढल्या आणि नाळेजवळ, खिळे ठोकलेल्या फळीशी बसल्या. गुंडप्पा आणि त्याचे तिघे गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं,” ती गुंडप्पाला म्हणाली.

“आमच्याच हातानं भोकं पाडली, अक्का. बंदुका पाठीला होत्या.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही लांबी-रुंदी विचारली.” त्यानं पाण्यात बघितलं. “खिळे मी मारले. पाचवा थांबंल म्हनून. थांबला न्हाई. मग हजेरीत धरायला लागलो. काय करावं?”

तिनं जुनी वही उघडली. नाव घेनार का पान्यावर, असं गुंडप्पा अगदी हलक्यानं म्हणाला. ती म्हणाली, घेणार. आणि पान सोजराबाईसमोर धरून, शब्दाखाली बोट फिरवत, तिनं मोठ्यानं वाचलं. एकोणीस फेऱ्या वाचल्या. शिक्षा वाचली. होडी बुडवली ते वाचलं. “होडी नंबर सतरा, खलाशी ग्यानबा, फरार.” सोजराबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त तिनं एक हात फळीवर ठेवला.

मग अन्नपूर्णेनं नवी वही उघडली. स्वतः आखून घेतलेलं पहिलं कोरं पान. तिनं टाक दौतीत बुडवला, फळीकडं तोंड केलं आणि कायद्यात आहे तसं विचारलं.

“ग्यानबा, नोंद तुला वाचून दाखवली आहे. तुझं काय म्हणणं आहे?”

पाणी होडीच्या अंगाला लागत होतं, तेवढाच आवाज. मग आतून एक ठोका. मग दुसरा. तिसऱ्याला वाट बघावी लागली नाही. ते भरभर येऊ लागले, एकाला एक खेटून, आणि फळीवरच्या सोजराबाईच्या बांगड्या त्यानं किणकिणायला लागल्या. बांबूवाला पाण्यातून दोन पावलं मागं सरला.

अन्नपूर्णा लिहीत होती. पाचवी रेघ काढताना तिचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं.

बारीक, उभ्या, सारख्या अंतरावरच्या रेघा. तिनं ओसरीकडं पाहिलं. कोटातला म्हातारा मान खाली घालून बसला होता, आणि त्याचं बोट तिच्या टाकाबरोबर वरखाली होत होतं. शाई, कागद, रकाना, सगळं नियमानं चाललं होतं. तेव्हाही असंच सगळं नियमानं चाललं असणार. फळी हातभर अंतरावर, आणि काठावर एक माणूस, वही घेऊन, ऐकू आलं ते लिहून घेणारा.

वर रस्त्याला जीपचा धुरळा दिसू लागला होता. वेळेआधीच येत होती.

तिनं टाक दौतीवर आडवा ठेवला. वही मिटली आणि ओल्या तळात, पायाशी सारली. सोजराबाई तिच्याकडं बघत होती. अन्नपूर्णेनं पदर कमरेला खोचला, पहिल्या खिळ्यावरचं डांबर नखानं उकरलं आणि हात मागं केला.

“गुंडप्पा, सांडशी द्या.”

आतलं ठोकणं थांबलं.